बिल्ड होतो, डिप्लॉय होतो, पहिल्याच मेसेजला पडतो: इंटिग्रेशन प्रोजेक्टमधल्या डिपेंडन्सीचं समस्या निवारण

लक्षणं

- बिल्ड स्वच्छ, डिप्लॉय स्वच्छ, सर्व्हरच्या लॉगमध्ये 'स्टार्टेड' असं ठसठशीत लिहिलेलं. पहिला खरा मेसेज आत आला की 'नो सच मेथड एरर'.
- 'क्लास कास्ट एक्सेप्शन', आणि तक्रार अशी की 'ऑर्डर'चं रूपांतर 'ऑर्डर'मध्ये होत नाही. दोन्हीकडे जावा पॅकेजसकट पूर्ण नाव तेच.
- काल चाललेला बिल्ड आज पडतो आणि टीममधला प्रत्येक जण शपथेवर सांगतो की कोडला हात लावलेला नाही.
- सामायिक लायब्ररीत एक फील्ड वाढवलं. एका मॉड्यूलला ते दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही.
- एका मॉड्यूलचं नवं व्हर्जन चढवलं आणि शेजारचं, ज्याला कोणी शिवलंही नव्हतं, ते कोसळलं.
- एडिटर 'सायक्लिक डिपेंडन्सी' म्हणून अडून बसतो.

ही सगळी एकाच घराण्यातली दुखणी आहेत: डिपेंडन्सीची, म्हणजे आपला कोड ज्या बाहेरच्या लायब्ररींवर अवलंबून असतो त्यांची. इंटिग्रेशनच्या, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकांना जोडण्याच्या, कामात ती जास्त छळतात, कारण सर्व्हरवर चढवायच्या एकाच पॅकेजमध्ये क्यूचा क्लायंट, सोपची (एक्सएमएल मेसेजांच्या वेब सर्व्हिसची) यंत्रणा, जेसनचं पार्सिंग, डेटाबेसचा ड्रायव्हर आणि दोन-चार कनेक्टर शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि प्रत्येक जण आपला लवाजमा सोबत घेऊन येतो.

पहिली काही वर्षं मी असा एरर आला की काय कमी आहे ते शोधायचो आणि जार फाइली, म्हणजे कंपाइल झालेल्या लायब्ररींचे गठ्ठे, टाकत सुटायचो. एरर बदलायचा, जायचा नाही. आता माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा क्लास किती ठिकाणी आहे, आणि त्यातला कोणता उचलला गेला? काही कमी पडलंय असं क्वचित निघतं. जास्त झालेलं असतं. खालच्या सगळ्या तपासण्या याच प्रश्नाभोवती फिरतात. सोप्या आणि फुकटातल्या आधी घेतल्या आहेत.

१. एरर नीट वाचा

यात पैसा जात नाही, सर्व्हर बंद करावा लागत नाही, तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात. जावाच्या जगात प्रत्येक एररचं म्हणणं वेगळं असतं आणि त्यावरून पुढची दिशा ठरते.

'क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन' म्हणजे चालू असताना कोणीतरी नाव घेऊन क्लास मागितला आणि तो मिळाला नाही. बहुधा कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं नाव किंवा ड्रायव्हर. 'नो क्लास डेफ फाउंड एरर' म्हणजे कंपाइल करताना क्लास होता, चालवताना नाही. पण इथे एक फसगत आहे. मजकुरात 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असं असेल तर क्लास सापडलेला आहे; त्याची सुरुवातीची तयारीच आधी एकदा फसली होती. अशा वेळी लॉगमध्ये मागे जा आणि 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर' शोधा. खरं कारण तिथे आहे, तुम्ही वाचताय तो त्याचा पडसाद.

'नो सच मेथड एरर' जवळजवळ नेहमी एकच गोष्ट सांगतो: क्लास सापडला, पण ज्या व्हर्जनवर कोड कंपाइल झाला ते हे नव्हे. इथे नवी जार टाकणं म्हणजे आगीत तेल. आधीच दोन आहेत, तुम्ही तिसरी आणाल.

'ऑर्डरचं ऑर्डर होत नाही' हा एरर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की मशीन बिघडलं. जावासाठी क्लासची ओळख फक्त नावाने ठरत नाही. नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर मिळून ठरते. दोन मॉड्यूलनी तोच क्लास आपापल्या प्रतीतून लोड केला, तर ते दोन वेगळे क्लास. 'लिंकेज एरर'मध्ये 'लोडर कन्स्ट्रेंट' हे शब्द दिसले तर तीच कथा.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' आला तर पुढचं काही करू नका, फक्त त्यातला आकडा पाहा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. जार नव्या जावासाठी बनलेली आहे आणि सर्व्हर जुन्या जावावर आहे. इथे डिपेंडन्सीचा गुंता नाहीच.

आणि लॉगमधला पहिला एरर पाहा, शेवटचा नाही. शेवटचा सगळ्यात मोठा दिसतो, म्हणून डोळा तिथे जातो.

२. जुनी प्रत कुठे दबा धरून बसली आहे का?

एडिटरमधून 'क्लीन' करून पुन्हा बिल्ड करा. इंटिग्रेशनच्या एडिटरांमध्ये डब्ल्यूएसडीएल (वेब सर्व्हिसचं वर्णन) आणि एक्सएसडी (एक्सएमएलचा स्कीमा) यांवरून आपोआप तयार झालेला कोड असतो, आणि मूळ स्कीमा बदलला तरी तो कोड कधीकधी जुनाच राहतो. म्हणून ही पायरी देखल्या देवा दंडवत समजून उरकू नका. तयार झालेलं फोल्डर खरंच रिकामं झालं का, ते डोळ्यांनी बघा.

मेव्हन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर 'स्नॅपशॉट' व्हर्जनवर संशय धरा. स्नॅपशॉट म्हणजे नाव तेच, आतला माल बदलता. मेव्हन मूळ मांडणीत स्नॅपशॉटची नवी प्रत दिवसातून एकदाच बघतो. त्यामुळे सकाळी बिल्ड केलेल्याकडे जुना माल आणि दुपारी नव्या मशीनवर केलेल्याकडे नवा, दोघांच्याही पॉम फाइली (मेव्हनमध्ये डिपेंडन्सी जिथे लिहितात त्या) अक्षरशः सारख्या. 'कोडला हात लावला नाही' म्हणणारे खोटं बोलत नसतात. बिल्डच्या आज्ञेला मोठ्या लिपीतला यू हा पर्याय जोडला की मेव्हन तपासणी सक्तीने करतो.

एकदा डाउनलोड फसला की मेव्हन लोकल साठ्यात 'लास्ट अपडेटेड' नावाने संपणारी फाइल ठेवतो आणि काही काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. नेटवर्क सुधारलं तरी एरर तसाच. ती खूणफाइल काढा किंवा तेवढ्या एकाच लायब्ररीचं फोल्डर काढा. अख्खा लोकल साठा पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. पुसल्यावर एरर गेला तरी का गेला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच उभे असता. पुसायचंच असेल तर आधी फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही साठ्यांची तुलना करता येते.

सर्व्हरवरही हेच. जुनं डिप्लॉयमेंट काढल्यावर त्याचं उलगडलेलं फोल्डर आणि तात्पुरत्या फाइलींची जागा बघा.

३. पॅकेज उघडा

इअर, वॉर, बार, नाव काहीही असो, आतून ती झिप फाइल आहे. उघडा आणि जार फाइलींची यादी काढा. प्रोजेक्टच्या फोल्डरमधली यादी चालणार नाही, जी फाइल सर्व्हरवर गेली तिचीच हवी. दोघांत फरक असतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो.

यादी नावाने लावली की एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं शेजारी येतात आणि काम पाच मिनिटांत होतं. पण एकच क्लास वेगळ्या नावाच्या जारमध्येही असू शकतो: कोणी 'ऑल' नावाची मोठी जार आणलेली असते, कोणी जुन्या गटनावाची. त्यामुळे एररमध्ये ज्या क्लासचं नाव आहे तो प्रत्येक जारमध्ये शोधा. दोन ठिकाणी सापडला, तर आरोपी सापडला.

एकाच फोल्डरमधल्या जार फाइली कोणत्या क्रमाने वाचायच्या, याची हमी जावा वेब ॲप्लिकेशनच्या सर्व्हलेट प्रमाणकात नाही. म्हणूनच दोन प्रती असलेलं पॅकेज एका सर्व्हरवर महिनोन्महिने नीट चालतं आणि दुसऱ्यावर पहिल्या मिनिटाला पडतं. 'टेस्टवर तर चाललं होतं' यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

सगळं एकाच जारमध्ये कोंबून 'फॅट जार' करत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. 'मेटा-इन्फ'मधल्या 'सर्व्हिसेस' फोल्डरात एकाच नावाच्या फाइली अनेक जारमधून येतात, आणि नीट एकत्र केल्या नाहीत तर त्यातली एकच उरते. मग अपाची कॅमलसारख्या इंटिग्रेशनच्या चौकटीत एखादा कन्व्हर्टर किंवा कंपोनंट 'सापडत नाही', जरी त्याचा क्लास तिथे असतो. मेव्हनच्या शेड प्लगइनमध्ये या फाइली जोडण्यासाठी ट्रान्सफॉर्मर आहेत, ते लावा.

४. झाड काढा आणि कोण जिंकलं ते पाहा

आता 'डिपेंडन्सी ट्री', म्हणजे कोणती लायब्ररी कोणामार्फत आली ते दाखवणारं झाड. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण परत परत येणारं दुखणं बहुधा इथलं असतं.

मेव्हनचा नियम असा: एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं आली तर झाडात तुमच्या प्रोजेक्टच्या जवळची जिंकते. नवी की जुनी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा तुमचा मॉड्यूल कनेक्टर घेतो आणि तो जॅक्सन या जेसन लायब्ररीचं २.९ व्हर्जन आणतो. दुसरीकडे तुमची युटिलिटी लायब्ररी आणखी एका लायब्ररीमार्फत जॅक्सन २.१५ आणते. पहिली दोन पायऱ्यांवर, दुसरी तीनवर. २.९ जिंकते, आणि २.१५ मधली मेथड वापरणारा कोड चालताना पडतो. बिल्ड मात्र काहीच बोलत नाही, कारण लायब्ररीतला तो कोड आधीच कंपाइल झालेला असतो. ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन मूळ मांडणीत याउलट सगळ्यात वरचा आकडा घेतो. म्हणून एका साधनातून दुसऱ्यात गेलेल्या प्रोजेक्टचं वागणं बदललं तर चकित होऊ नका.

आणि दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर? पॉममध्ये जी आधी लिहिली ती जिंकते. एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी निव्वळ नीटनेटकेपणापायी पॉममधल्या ओळी वर्णानुक्रमाने लावल्या होत्या. रिव्ह्यूत सगळ्यांनी 'छान' म्हटलं. संध्याकाळपर्यंत सोपचे सगळे कॉल पडत होते. दोष त्या माणसाचा नव्हता. व्हर्जन कुठेच ठामपणे लिहिलेलं नव्हतं, ओळींच्या क्रमावर सगळा डोलारा उभा होता.

झाड काढताना 'व्हर्बोज' पर्याय लावा, म्हणजे हरलेली व्हर्जनंही 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' अशा शेऱ्यासह दिसतात.

उपाय करायचा तो 'डिपेंडन्सी मॅनेजमेंट' विभागात. सगळ्या मॉड्यूलच्या वरच्या पॉममध्ये व्हर्जन एकदाच लिहा, खालच्यांनी आकडा लिहूच नये. मोठ्या चौकटींचा 'बॉम', म्हणजे जुळणाऱ्या व्हर्जनांची तयार यादी, मिळतो, तो वापरा. अपाची कॅमलमध्ये सगळे कंपोनंट आणि मूळ कोर एकाच व्हर्जनचे हवेत. एक कंपोनंट पुढचा घ्यायचा म्हणून फक्त त्याचाच आकडा वाढवणं हे दुखणं विकत घेणं आहे. 'एक्स्क्लूजन', म्हणजे नको असलेली डिपेंडन्सी वगळणं, मी शेवटी वापरतो. एक लिहिलं की सहा महिन्यांत वीस होतात आणि ती का लिहिली ते कोणालाच आठवत नाही. लिहिलंच तर शेजारी कारण लिहा.

'मोठा आकडा म्हणजे नवं' यावरही डोळे मिटून विसंबू नका. 'एक्सएमएल-एपीआयज' नावाच्या लायब्ररीचं २.०.२ हे व्हर्जन १.४ मालिकेपेक्षा जुनं आहे. असल्या जुन्या एक्सएमएल जार आत शिरल्या की पार्सर उभा करतानाच 'ॲब्स्ट्रॅक्ट मेथड एरर' येतो, कारण पार्सर कोणता घ्यायचा हे जावा त्याच 'सर्व्हिसेस' फाइलींवरून ठरवतो आणि झर्सीस हा जुना पार्सर पुढे येऊन उभा राहतो.

५. जे सर्व्हर देतो ते तुम्ही का नेताय?

सर्व्हर किंवा इंटिग्रेशनचं रनटाइम स्वतः जे पुरवतं ते 'प्रोव्हायडेड' असं नोंदवा. पॅकेजमध्ये नेलंत तर दोन प्रती झाल्याच.

उलट बाजूचा घोळ जावा बदलताना होतो. जावा ११ मधून जॅक्स-बी (एक्सएमएलसाठी) आणि जॅक्स-डब्ल्यूएस (सोपसाठी) काढून टाकले गेले. ८ वर इतकी वर्षं फुकट मिळत होते, म्हणून कोणी लिहिले नव्हते. ते आता स्वतः नोंदवावे लागतात. जकार्ता ईई (सर्व्हरच्या जावाचं प्रमाणक) ९ पासून जावा पॅकेजांची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली. अर्धे कनेक्टर एका नावाचे, अर्धे दुसऱ्या, अशी खिचडी कोणत्याही एक्स्क्लूजनने शिजत नाही. सगळे एकत्र पुढे न्यावे लागतात.

६. लायब्ररी सामायिक आहे की प्रत्येकाकडे वेगळी प्रत?

'एकाला नवं फील्ड दिसतं, दुसऱ्याला नाही' याचं उत्तर बहुधा इथे आहे. एडिटरमध्ये लायब्ररी एकच दिसते, म्हणून चालतानाही ती एकच असेल असं आपण धरून चालतो.

आयबीएम इंटिग्रेशन बसमध्ये १० व्या व्हर्जनपासून 'शेअर्ड लायब्ररी' आली. त्याआधीची ती 'स्टॅटिक'. स्टॅटिक लायब्ररी प्रत्येक ॲप्लिकेशनच्या बार फाइलीत कॉपी होते. लायब्ररी बदलली तर ती वापरणारं प्रत्येक ॲप्लिकेशन पुन्हा बांधून पुन्हा चढवावं लागतं. एक राहिलं तर त्याच्याकडे जुनी प्रत राहते. शेअर्ड लायब्ररी सर्व्हरवर एकदाच चढते आणि बदलली की सगळ्यांना एकदम बदललेली मिळते. 'शेजारचं न शिवलेलं मॉड्यूल कोसळलं' हे तिचंच दुसरं टोक. म्यूल ४ या इंटिग्रेशन रनटाइममध्ये कनेक्टर एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात, म्हणून डेटाबेसचा ड्रायव्हर नुसता डिपेंडन्सीत लिहून पुरत नाही. मेव्हन प्लगइनच्या 'शेअर्ड लायब्ररीज' यादीत तो नोंदवला नाही तर कनेक्टरला दिसतच नाही.

माझा स्वतःचा कल: करार, म्हणजे डब्ल्यूएसडीएल, एक्सएसडी, बिझनेस ऑब्जेक्ट, हे सामायिक ठेवा. त्यात बदल झाला तर सगळ्यांना कळायलाच हवा. युटिलिटी कोड ज्याचा त्याच्याकडे कॉपी झाला तरी बिघडत नाही.

स्कीमाचाही इथेच उल्लेख करतो. एकच टार्गेट नेमस्पेस दोन एक्सएसडींत विभागलेला असेल आणि दोन्ही वेगवेगळ्या 'इम्पोर्ट'ने आणल्या, तर पार्सर दुसऱ्या इम्पोर्टकडे दुर्लक्ष करू शकतो, कारण फाइलीचा पत्ता ही त्याच्या दृष्टीने केवळ सूचना आहे. दोन्ही 'इन्क्लूड' करणारी एक मुख्य एक्सएसडी बनवा आणि तीच इम्पोर्ट करा. 'एकाच नावाचे दोन घटक' अशी तक्रार आली तर त्याच एक्सएसडीची दुसरी प्रत दुसऱ्या लायब्ररीत पडलेली असते.

७. क्लास कुठून उचलला ते जेव्हीएमलाच विचारा

इथपर्यंत सापडलं नाही तर सर्व्हर एकदा बंद-चालू करावा लागेल. जेव्हीएमला, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेला, क्लास लोड होताना नोंद करण्याचा पर्याय लावा: जावा ८ मध्ये 'व्हर्बोज क्लास', ९ पासून 'एक्सलॉग'मधला 'क्लास लोड'. लॉग प्रचंड वाढतो, म्हणून फक्त टेस्टवर, आणि काम झालं की काढून टाका. त्यात क्लासच्या नावापुढे तो कोणत्या जारमधून आला ते येतं. तर्क तिथे संपतात.

जार अनपेक्षित ठिकाणची निघाली तर क्लासलोडरचा क्रम बघा. टॉमकॅट आधी ॲप्लिकेशनच्या जार बघतो. वेबस्फिअरमध्ये मूळ मांडणी 'पेरेंट फर्स्ट', म्हणजे आधी सर्व्हरच्या. क्रम उलटा केला की पहिला एरर झटकन जातो, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. मी तो सहसा करत नाही. सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांच्यात जे ऑब्जेक्ट ये-जा करतात त्यांचे क्लास आता दोन झाले, आणि चार दिवसांनी 'ऑर्डरचं ऑर्डर होत नाही' दारात हजर.

८. चक्र तोडणं

सायक्लिक डिपेंडन्सीला स्वस्त उपाय नाही. ती जवळजवळ नेहमी 'कॉमन' नावाच्या लायब्ररीत जन्मते. आधी तारखेचं स्वरूप, मग एररचं ऑब्जेक्ट, मग कोणाला तरी ग्राहकाचा एक्सएसडी तिथे हवा असतो, आणि ग्राहकाच्या लायब्ररीला 'कॉमन'मधला एरर हवा असतो. झालं चक्र.

कागदावर बाण काढा. दोन्ही बाजूंना लागणारा सगळ्यात लहान तुकडा शोधा आणि तो तिसऱ्या लायब्ररीत हलवा, जी स्वतः कोणावरही अवलंबून नसेल. बाण एकाच दिशेने जायला हवेत: करार कोणालाच ओळखत नाहीत, मॅपिंग करारांना ओळखतं, मॉड्यूल दोघांना. हलवताना नेमस्पेस बदलू नका. बदललात तर बाहेरच्या सिस्टिमचे मेसेजही बदलतील, आणि अंतर्गत साफसफाईचं रूपांतर सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये होईल.

हे झाल्यावर मेव्हनच्या 'एन्फोर्सर' प्लगइनमध्ये 'डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स' चालू करा, म्हणजे दोन व्हर्जनं आली की बिल्डच पडतो. पहिल्या दिवशी तो शंभर तक्रारी दाखवेल. घाबरून बंद करू नका, एकेक मिटवा.

कुठे थांबायचं

सर्व्हरच्या स्वतःच्या लायब्ररी फोल्डरमधली जार बदलावीशी वाटली की हात मागे घ्या. त्या सर्व्हरवरची बाकीची ॲप्लिकेशनं तुमची नाहीत. मिडलवेअर सांभाळणाऱ्या ॲडमिनला बोलवा. इंटिग्रेशन उत्पादनासोबत आलेली जार जुनी वाटली तरी बदलू नका. ती बदलली की पुढच्या प्रत्येक तक्रारीवर सपोर्टवाले आधी ती मूळ जागी ठेवायला सांगतील, आणि त्यांचं बरोबर असेल. सुरक्षेचा दोष असेल, जसा डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंगच्या लायब्ररीत सापडला, तर उत्पादनाच्या कंपनीचा अधिकृत पॅच मागा.

दोन कनेक्टरना एकाच लायब्ररीची न जुळणारी व्हर्जनं खरोखरच लागत असतील, तर जावा पॅकेजांची नावं बदलून जार बनवणं किंवा मॉड्यूल दोन प्रोसेसमध्ये वेगळे करणं हेच मार्ग उरतात. ते आर्किटेक्टसोबत ठरवा, रात्री एकट्याने नको. प्रॉडक्शनवर प्रयोग नाहीत. आणि टेस्टवर सातवी पायरी करूनही कोणती जार उचलली गेली ते सांगता येत नसेल, किंवा पुन्हा पुन्हा डिप्लॉय केल्यावर मेटास्पेस (लोड झालेल्या क्लासची मेमरी) भरत जात असेल, तर उत्पादनाच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवा.

जाताना सोबत न्या: पहिला एरर पूर्ण स्टॅकसकट, चढवलेल्या पॅकेजमधल्या जारची यादी, व्हर्बोज झाड, क्लास लोडच्या नोंदीतल्या त्या क्लासच्या ओळी, सर्व्हरचं आणि जावाचं नेमकं व्हर्जन, आणि तुम्ही आधी काय काय बदलून पाहिलं ते क्रमाने. शेवटची यादी लपवू नका. तीच सगळ्यात आधी विचारतात.